सरळ दोऱ्यात

दुपारी जेवणं आटोपून घर जरा कलंडलं की माजघरातून तो आवाज यायचा. जुनं सुती लुगडं फाटतानाचा. कोऱ्या कापडाचा आवाज वेगळा असतो, करकरीत, अंगावर येणारा. दुकानदार गजाला लावून कापड टरकवतो तसा. विरलेल्या लुगड्याचा आवाज मात्र लांबट आणि मऊ, फार वेळ कोंडून धरलेला श्वास कुणी हलकेच सोडावा तसा. आजी दातांनी कडेला एक बारीकशी चीर द्यायची, दोन्ही मुठींत कापड धरायची आणि हात बाजूला न्यायची. सर्रर्र. मग थांबायची. मग पुन्हा. खिडकीतून आलेल्या तिरिपेत कापसाचे बारीक तंतू उडायचे आणि कितीतरी वेळ खालीच यायचे नाहीत.

माझं आजोळ इचलकरंजीचं. १९७९ सालचा मे महिना होता, मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी मावशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या गावाला शांततेची सवयच नव्हती. विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली; माझ्या लहानपणापर्यंत गल्लोगल्ली माग झाले होते आणि भिंतीपलीकडे रात्रंदिवस त्यांची खटक-खटक चालू असायची. नव्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागायची नाही. गावच्या माणसांचं उलटं; वीज गेली, माग थांबले की त्यांना जाग यायची, आणि अंधारात सगळं घर उठून बसायचं. आजीची लुगडी त्याच गावच्या मागांवरची. भिंतीच्या पलीकडे कापड विणलं जात होतं, अलीकडे आजी ते फाडत होती, आणि मधे मी चटईवर पालथी पडून कैरीची फोड चोखत दोन्ही ऐकत होते.

"काय चाललंय काकू?" शेजारीण दारातून विचारायची.

"काही नाही गं, चिंध्या फाडतेय."

इतकंच. येणाऱ्या बाळाचं नाव नाही, मावशीकडे नजरसुद्धा नाही. त्या महिन्यात आजीच्या प्रत्येक कामाला असंच दुसरं कुठलं तरी कारण होतं. माजघराशेजारच्या लहान खोलीला चुना दिला, तर म्हणे पावसाळ्याआधी द्यावाच लागतो. बाजेची सुंभं काढून नव्याने ताणून घेतली, कारण आजोबांची पाठ दुखत होती. माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला पाळणा मामाने खाली काढला, त्याच्या कड्यांना तेल दिलं, गंज चढू नये म्हणून, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा वर नेऊन ठेवला. मी त्याला हात लावायला गेले तेव्हा तेवढा एकदा तिचा आवाज चढला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो.

पण चिंध्यांचं काम ती किती जीव लावून करायची! लुगड्याचे काठ आधी कातरीने वेगळे काढायचे, कारण काठ टोचतो. त्यांचे बंद व्हायचे, टोपड्याला, झबल्याला. मग मधलं अंग हाताने फाडायचं. कातर का नको, असं मी विचारलं तर म्हणाली, कातर आपल्या मनाने चालते गं, हाताने फाडलं की कापड सरळ दोऱ्यात फाटतं. नऊ वारांतून चार दुपटी निघायची, दोन-दोन पदर एकावर एक ठेवून, कडेने लांब धावदोरा घातलेली. उरलेल्या वाराचे लंगोट. लंगोटांच्या कडा ती मुद्दाम न शिवता ठेवायची. तान्ह्याच्या मांडीला शिवणीची गाठसुद्धा काचते. फाटलेल्या कडेला मग धुता धुता दोऱ्यांची बारीक झालर यायची. ओचा आणि कासोट्याकडचा भाग इतका विरलेला असायचा की त्यातून खिडकी दिसावी. तो तुकडा तिच्या लेखी सगळ्यांत मोलाचा. तो न्हाऊन आल्यावर टाळू टिपायला.

आणि प्रत्येक तुकडा घडी घालण्याआधी ती मला जवळ बोलवायची. तिचे हात राखेने, पाण्याने खरखरीत झालेले. त्यांना कापडाचं मऊपण कळायचं नाही. म्हणून ती तो तुकडा माझ्या गालावर ठेवायची आणि वाकून विचारायची, "सांग हं खरं. टोचतं का गं?"

टोचायचं नाही. त्याला उन्हाचा वास यायचा, थोडा वेखंडाचा, आणि आजीचा. आजवर मी मऊ म्हणून जे जे काही हातात घेतलं, ते सगळं मनातल्या मनात त्या तुकड्यापाशी नेऊन ताडून पाहिलं आहे.

एकदा मी बोटांवर मोजत होते. दोन मामा, दोन मावश्या आणि आई, म्हणजे आजीची पाच मुलं. "सात," आजी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "सात गं माझी. पाच मोठी झाली." दोरा ओवला गेला, तिने गाठ मारली आणि काम पुढे सुरू झालं. कितीतरी वर्षांनी आईने सांगितलं की पहिल्या दोघांच्या वेळी आजीने सगळं नवं शिवलं होतं. कोऱ्या पांढऱ्या कापडाची झबली, खणाची कुंची, पाळण्यावर टांगायला रंगीत चिमण्या. त्यानंतर तिने आधीपासून म्हणून काही केलं नाही. फक्त चिंध्या फाडल्या.

मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. आणि तो आवाज मला आता वेगळा ऐकू येतो. आशा इतकी मोठी की तिला उघड्यावर ठेवण्याची भीती वाटावी; मग ती घडी घालून पेटीच्या तळाशी, चिंध्यांच्या नावाने ठेवायची. मावशीच्या मुलीने आजीची दोन लुगडी संपवली, पुढे मामांच्या मुलांनी उरलेली. आज तिचं एकही लुगडं उरलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी ती अंगाखाली घेऊन संपवली.

आता माझी लेक यायची आहे. सातवा संपत आलाय. पुण्याच्या आमच्या घरातली पूर्वेची खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे आणि गेला महिनाभर ती बंगळुरूहून फोनवरून ती खोली मांडते आहे. भिंतीला कुठला पिवळा, इथपासून सुरुवात. पाच पिवळ्यांचे फोटो आले. त्यांतला एक, सायीच्या लोण्यासारखा, आम्ही दोघींनी निवडला. बाळाची लाकडी खाट खोक्यातून सुटी आली, ती जावयांनी येऊन जोडून दिली. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडद्याला आतून अस्तर लावलं. शेगडी-धुरी नको, असं डॉक्टरांनी बजावलं आहे, मध, घुटीही नको. त्यांचं खरं आहे, मी ते सगळं बिनतक्रार बाजूला ठेवलं. तिच्या आवाजातला आनंद मी ऐकत असते. तो ती कुणापासून लपवत नाही, प्रत्येक वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते. बाळाची खाट. बाळाचं कपाट. बाळाची खिडकी. ऐकताना माझ्या पोटात हलकीशी कळ येते आणि तिला हे असं उघड बोलता येतं म्हणून फार फार बरंही वाटतं.

खोली तयार झाली तरी मला ती पुरी वाटेना. नवी वस्तू नवीच असते. तिला अजून कुणाच्या अंगाची ओळख नसते. मग एका दुपारी मी कपाटाच्या वरच्या फळीवरून आईची सुती साडी काढली. फिकट निळी, पाचवारी, शेवटच्या वर्षांत ती घरात नेसायची ती. आईला जाऊन सहा वर्षं झाली. पूर्वेच्या खोलीत जमिनीवर बसले, काठ कातरीने सोडवले, कडेला दातांनी चीर दिली. हात क्षणभर पुढे जाईनात. मग ओढलं.

सर्रर्र.

तोच आवाज. इतक्या वर्षांनी, चौथ्या मजल्यावर, एकही माग नसलेल्या गल्लीत. पिवळ्या भिंतीपुढे तंतू उडू लागले.

तेवढ्यात फोन आला. "आई, काय करतेस?"

"काही नाही गं," माझ्या तोंडून गेलं, "चिंध्या फाडतेय."

ती आली त्या संध्याकाळी, प्रवासाने पाय सुजलेले, तरी आधी त्या खोलीत गेली. खाटेवरून हात फिरवला, पडदा उघडून मिटून पाहिला. मी दुपट्यांची चळत आणली. वरचं दुपटं उचलून तिच्या गालावर ठेवलं आणि विचारलं, "टोचतं का गं?"

तिने डोळे मिटून गाल त्यावर हळूहळू फिरवला. एका जागी थांबली. "इथे," म्हणाली. "इथे जरासं."

दिव्याखाली धरून पाहिलं. आईने केलेलं रफू होतं, बोटाच्या पेराएवढं, निळ्यात निळं मिसळून घातलेले आडवे-उभे दोरे, इतके बारीक की माझ्या नजरेतून सुटले होते. रात्री मी धावदोरा उसवला, तेवढा चौकोन कापून काढला आणि दुपट्याला दुसरा तुकडा जोडला. तो चौकोन अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.