रात्रीचा डोंगर चढण्यापूर्वी

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अलीकडे माझ्या धुळ्यातील दवाखान्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. ‘डॉक्टरसाहेब, बालीची सहल ठरली आहे. तिथे रात्री ज्वालामुखी चढून शिखरावरून सूर्योदय पाहायचा आहे. मला जमेल ना?’ विचारणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात आणि त्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असते. बातूर नावाचा तो पर्वत १,७१७ मीटर उंच असून जागृत ज्वालामुखी आहे. पर्यटकांचे गट मध्यरात्रीनंतर मुक्कामावरून निघतात, टॉर्चच्या उजेडात चढतात आणि उजाडण्याच्या सुमारास वर पोहोचतात.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देताना मला आपला सातपुड्यातील अस्तंबा आठवतो. १,३२५ मीटर उंचीचे हे शिखर पूर्वीच्या धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात गेले. अस्तंबा म्हणजे ज्वालामुखीचा शंकू नव्हे. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांतूनच हा काळा कातळ घडला आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास येथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते आणि हजारो भाविक रात्रभर गटागटाने डोंगर चढतात. अमावास्या तोंडावर आलेली असते, त्यामुळे पहाटेपर्यंत चंद्राचा उजेड नसतो. रात्रीची चढाई शरीराकडून काय मागते, ते शिकण्यासाठी आपल्याला परदेशी जावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण या यात्रेला गेलो होतो. त्यांत एक निवृत्त गुरुजी होते. वय एकसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, प्रकृती एरवी काटक. निघण्यापूर्वी गोळ्यांचा आणि जेवणाचा मेळ कसा ठेवायचा, हे मी सर्वांना समजावले होते. गुरुजींनी संध्याकाळची गोळी वेळेवर घेतली. मात्र नवसाचा उपवास असल्याचे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सोबतच्या कळण्याच्या भाकरीला आणि केळ्यांना त्यांनी हातही लावला नव्हता.

रात्री दोनच्या सुमारास ते बोलेनासे झाले. तोवर वाटेने जुन्या शाळेच्या गोष्टी सांगणारा हा माणूस एका दगडावर बसला आणि पुतण्यावर खेकसला, ‘मला एकट्याला सोडा.’ कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. मंडळी म्हणाली, ‘दमले आहेत, जरा बसू द्या.’ अंधारात आणि चढावर ही लक्षणे थकव्यासारखीच दिसतात; धोका नेमका तिथेच असतो. ग्लुकोमीटरवर साखर ५८ निघाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, पुन्हा तेवढीच दिली, मग दोन केळी खाऊ घातली. अर्ध्या तासात गुरुजींना हुशारी वाटू लागली.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. ‘आता साखर वर आली आहे, तासाभराचाच चढ उरला आहे, आणि नवस आहे,’ असे सर्वांचे म्हणणे पडले. मी नकार दिला. साखर वाढली होती, पण पोटातील गोळीचा परिणाम पुढे कित्येक तास चालू राहणार होता. शिवाय वरचा चढ अधिक खडा होता आणि चढून गेल्यावर उतरणेही बाकी होते. काही क्षण कोणीच बोलले नाही. मग गुरुजींनी पिशवीतील नारळ पुतण्याच्या हाती दिला आणि म्हणाले, ‘माझ्या नावाने वाढव.’ बाकीची मंडळी वर गेली. मी गुरुजींना घेऊन सावकाश खाली आलो. त्या वर्षी मला शिखर दिसले नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

गटाने चालण्यात आधार असतो, तसा एक दबावही असतो. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये, म्हणून माणूस छातीवरचे दडपण आणि पोटरीतला गोळा लपवतो. परदेशात तर पैसे भरलेले असतात, सूर्योदयाची वेळ ठरलेली असते आणि वाटाड्याची भाषा आपल्याला येत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच दोन नियम सर्वांसमक्ष ठरवावेत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे आणि त्याच्या गतीने इतरांनी चालावे. तसेच कोणीही, कारण न सांगता, परत फिरू शकेल आणि त्याच्यासोबत एक जण खाली येईल.

जपानमधील फुजी हा ३,७७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तेथे मुक्काम न करता रातोरात चढणारे अनेक जण विरळ हवेने, थंडीने आणि श्रमाने आजारी पडत. २०२४ पासून तेथील यामानाशी प्रांताने योशिदा मार्गावर दार बसवले आहे. विश्रामगृहाचे आरक्षण नसलेल्यांसाठी ते दुपारनंतर पहाटे तीनपर्यंत बंद असते. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. बातूर आणि अस्तंबा त्याहून ठेंगणे आहेत. परंतु दर हजार मीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते, हा नियम तिथेही लागू आहे. घामाने भिजलेला सदरा शिखरावर फार गार पडतो. म्हणून एक कोरडा सदरा आणि कानटोपी जवळ असावी.

आता आपल्या तयारीविषयी. किमान दोन महिने आधीपासून रोज चालावे आणि आठवड्यातून तीन दिवस जिने चढावे, उतरावेही. उतरताना मांडीच्या स्नायूंना ताणत ताणत भार पेलावा लागतो. गुडघे दुखतात ते त्यामुळेच. हाती काठी असावी. बूट नवे नसावेत. मधुमेहींनी श्रद्धेपोटीही अनवाणी चालू नये. अश्वत्थामा आपल्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत हिंडतो, अशी लोकश्रद्धा आहे. संवेदना गेलेल्या पायाची जखम कशी वर्षानुवर्षे चिघळते, ते मी दवाखान्यात पाहतो. दमेकऱ्यांनी पंप खिशातच ठेवावा, कारण ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधकयुक्त वाफा श्वासनलिकांना झोंबू शकतात. इन्सुलिन किंवा गोळ्यांची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी, आणि रिकाम्या पोटी चढू नये.

चालताना एक वाक्य सलग बोलता येत असेल, तर गती योग्य आहे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, बसूनही न शमणारी धाप, भोवळ, किंवा बोलक्या माणसाचे अचानक गप्प होणे, यांपैकी काहीही दिसले तर चढाई तेथेच थांबवावी.

परतीचा प्रवासही चढाईचाच भाग समजावा. २०२५ च्या ऑक्टोबरात अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली आणि अनेकांचे प्राण गेले. रात्रभर जागलेल्या माणसाने चाक हाती घेऊ नये. चालक झोपलेला, ताजातवाना असावा, आणि गाडीत माणसे कोंबलेली नसावीत.

‘मला जमेल ना?’ या प्रश्नाला मी सहसा नाही म्हणत नाही. रक्तदाब, साखर आणि गरजेनुसार हृदयाची तपासणी करून घ्या, असे सांगतो. मग एवढेच विचारतो: अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले, तर तुम्हांला आणि सोबतच्यांना ते चालेल का? याला मनापासून होकार देणाऱ्याने खुशाल जावे.