मागे धरणारा आवाज

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यातील ती संध्याकाळ. ह्यांना देवाघरी जाऊन अकरा दिवस झाले होते. वसईहून आलेले नातेवाईक परतले होते, मुलगा कसल्याशा कागदपत्रांसाठी पेणला गेला होता. गडबच्या आमच्या घरी प्रथमच मी एकटी जपमाळ घेऊन आल्तारापुढे बसले. क्रूसाची खूण केली, मणी बोटांत धरला, आणि माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते नमनाचे नव्हते. ते विनवणीचे होते. प्रार्थनेचा उत्तरार्धच मी आधी म्हटला होता. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झाले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे पूर्वार्ध म्हणत आणि मी उत्तरार्ध. पूर्वार्ध मला पाठ नव्हता असे नाही. पण जिभेला तो आपला वाटतच नव्हता. त्या रात्री माळ अर्धवट राहिली.

मरियेच्या या प्रार्थनेचे दोन भाग निरनिराळ्या मुखांतून आले आहेत, हे मी तोवर कधी ध्यानात घेतले नव्हते. पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातला. गब्रिएल दूताचे वंदन आणि अलीशिबेचे उद्गार मिळून तो झाला. उत्तरार्ध मात्र ख्रिस्तसभेने पुढे जोडलेला. १५६८ साली पाचव्या पायस यांच्या प्रार्थनाग्रंथात तो आजच्या रूपात स्थिर झाला. म्हणजे दूताने हाक दिली, आणि माणसांना तिला उत्तर द्यावयास पंधरा शतके लागली, असे हे गमतीने म्हणत.

प्रतिसादाचे वेड ह्यांना लहानपणीच लागले. वसईत सात-आठ वर्षांचे असताना ते वेदीसेवक झाले. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणत, आणि पायरीवर गुडघे टेकलेली दोन पोरे लॅटिनमध्येच उत्तरे देत. मंदिर भरलेले असे. शेतकरी, कोळी, बागायतदार, त्यांच्या बायका जपमाळा ओढीत बसलेल्या. आणि त्या सर्वांच्या वतीने देवाला उत्तर देणारी ही दोन पोरे, ज्यांना त्यातले अक्षरही कळत नसे! करिंथकरांना लिहिताना संत पौलाने हाच प्रश्न विचारला आहे : जे बोलले गेले ते ज्याला कळलेच नाही, तो त्यावर आमेन कसे म्हणणार? चौथ्या शतकात रोममधल्या मंदिरांत लोकांचे आमेन मेघगर्जनेसारखे घुमे, असे संत जेरोम लिहून गेले. ती गर्जना काळाच्या ओघात दोन मुलांच्या चिरक्या आवाजांत येऊन थांबली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लोकांनी स्वतः प्रतिसाद द्यावेत, उद्गार काढावेत, स्तोत्रे गावीत असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मिस्सा मराठीत आली तेव्हा आपली नोकरी गेली, असे ह्यांना वाटले होते. लॅटिन उत्तरे मात्र अखेरपर्यंत त्यांच्या ओठांवर होती. दाढी करताना ती म्हणत.

१९९४ साली ह्यांना डोलवीच्या परिसरातील एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही गडबला बिऱ्हाड केले. वडखळच्या पुढे, महामार्गाला लागून असलेले हे गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडीकडची खारजमीन. कारखान्यांमुळे आलेली पाच ख्रिस्ती कुटुंबे आसपास होती. मिस्सेसाठी बस धरून जावे लागे. म्हणून शनिवारची जपमाळ आमच्या घरी होऊ लागली. शेजारच्या आगरी आजी ओटीवर बसून ऐकत. त्यांच्या घरी भजनाची परंपरा होती. एकदा त्या ह्यांना म्हणाल्या, "तुमचाबी आमच्यासारखाच हाय. फुडं बोलनारा येक, न मागं धरनारं बाकीचं. मागं धरनारा नसला तं बुवा काय करंल?" धृपद मागे धरणाऱ्या टाळकऱ्यांवर भजन उभे असते हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

मागे धरणाऱ्याचे मोल मला खरे कळले ते पेणमध्ये. ह्यांचे एक स्नेही होते, निवृत्त कारकून, बेने इस्राएल समाजाचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. पेणचे 'बेथ हा-एलोहिम' हे त्यांचे प्रार्थनामंदिर १८६३ सालचे. काकांच्या समाजाची कथा आपल्या वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, वाचलेली माणसे कुलाब्याच्या गावोगावी पांगली, तेलघाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. हिब्रू भाषा गेली, ग्रंथ गेले. उरली ती 'शेमा' ही एकच प्रार्थना. सुंता असो, लग्न असो, मरण असो, प्रत्येक वेळी तीच. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्यांना उपासना शिकवली. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, त्याचाही उपयोग झाला. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, तिच्या चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. या सणाच्या रात्री घरातले धाकटे मूल प्रश्न विचारते, आणि मिसर देशातून सुटकेची सारी कहाणी ही त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितली जाते. काका म्हणत, "आमच्याकडे पोरगं गप्प बसलं तर सण सुरूच होत नाही."

१९९८ च्या पावसाळ्यात काकू गेल्या. सातव्या दिवशी काकांच्या घरी प्रार्थना होती. त्या प्रार्थनेत 'कद्दीश' म्हणावयाची असते. मृतांसाठी म्हटली जात असली तरी तिच्यात मरणाचा शब्दही नाही. ती देवाची स्तुती आहे, अरामी भाषेत. शोक करणारा म्हणतो आणि भोवतालचे मध्येच एक ओळ उचलून उत्तर देतात. त्या उत्तरावरच सारा भार. म्हणून दहा प्रौढ पुरुष जमल्यावाचून कद्दीश म्हणताच येत नाही. त्या संध्याकाळी नऊ जण होते. इस्राएलला निघून गेलेल्या घरांना कुलुपे होती. दहावे गृहस्थ अलिबागहून एस.टी.ने निघाले होते आणि पावसात बस कुठे अडकली होती कोणास ठाऊक.

अर्धा तास गेला. हे दाराशी उभे होते. एकदम पुढे होऊन म्हणाले, "काका, मी आहे ना दहावा." घर स्तब्ध झाले. काकांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तू घरचाच आहेस रे," ते म्हणाले, "पण या मोजणीत तुला धरता येत नाही. आणि मोजणी माझ्या हातची नाही." हे काही बोलले नाहीत. आम्ही बायका आतल्या खोलीत होतो. आम्ही सात-आठ जणी असूनही त्या मोजणीत नव्हतो, हे मला तेव्हा टोचले. खरे सांगायचे तर आजही टोचते. रात्री नऊच्या सुमारास ते गृहस्थ ओलेचिंब होऊन आले. कोणी त्यांना टॉवेलही घेऊ दिला नाही. सगळे उभे राहिले. काकांचा आवाज पहिल्या शब्दाला फुटला, आणि उत्तराच्या ठिकाणी नऊ पुरुषांनी तो उचलून धरला. दाराजवळून ह्यांनीही आमेन म्हटले. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

परतताना बसमध्ये ह्यांनी एवढेच म्हटले, "आपण पाच घरं आहोत. मोजत नाही, म्हणून बरं."

पुढे काका मुलीकडे अश्दोदला गेले. वर्षातून एकदा फोन येई. "इथे हाक मारली की दहा माणसं जमतात," ते सांगत, "पण मलिद्याला पेणचे पोहे मिळत नाहीत." आमचीही पाच घरे हळूहळू ओसरली. कोणाची बदली, कोणाची मुले मुंबईला. शेवटी आम्ही दोघे उरलो. एक म्हणणारा, एक उत्तर देणारी. तेवढ्यावर भागत होते.

मग ते भागेना. त्यात २०२० साल आले, घराबाहेर पडणेच बंद झाले. मी एकटीच दोन्ही भाग म्हणू लागले. पण ते माझ्याच कानांना पाढे म्हटल्यासारखे वाटे.

२०२३ साली मुलाने मला सिडनीला नेले. त्याचे घर पेनरिथजवळ, नेपियन नदीपासून दूर नाही. एका रविवारी सकाळी नदीकाठी पांढऱ्या वस्त्रांतली माणसे दिसली. पुरुष, बायका, मुले, सगळी डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी. पुरोहित हातात काठी घेऊन पाण्यात उभा होता आणि एकेकाला नदीत बुचकळीत होता. मला यार्देन नदीचीच आठवण झाली. "आई, हे मंदाई," मुलगा म्हणाला. "इराकमधून आलेत. योहान बाप्तिस्ताला मानतात. आपल्यासारखे ख्रिस्ती मात्र नव्हेत."

ते खरे आहे. येशूला ते तारणारा मानीत नाहीत. वाहत्या कोणत्याही पाण्याला ते यार्देनच म्हणतात आणि बाप्तिस्मा आयुष्यात एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घेतात. सतराव्या शतकात बसऱ्याला आलेल्या मिशनऱ्यांनी त्यांना 'संत योहानाचे ख्रिस्ती' असे चुकीचे नाव दिले. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी, मृत पत्नीचा देह बरोबर घेऊन फिरणारा, १६२५ साली बसऱ्यात होता आणि त्याने या लोकांविषयी लिहून ठेवले. दोनच वर्षांपूर्वी, १६२३ मध्ये, तो आपल्या चौलला उतरला होता. रेवदंड्याच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींमधून मी किती वेळा फिरले आहे. तिथून गेलेला माणूस या पांढऱ्या वस्त्रांपर्यंत पोहोचला असेल, हे मनातही आले नव्हते.

पाण्यातून वर आलेल्याला पुरोहित ओंजळीने तीनदा पाणी पाजत होता. मग उजवा हात पुढे करी. दोघे हातात हात घेत आणि प्रत्येक जण आपलाच हात ओठांना लावी. या हस्तस्पर्शाला ते कुश्ता म्हणतात, सत्य अशा अर्थाने. पुरोहिताबरोबर एक सहायक असतो, तो शगंदा. प्रार्थना मंदाई भाषेत. ती अरामीचीच एक शाखा, आपल्या प्रभूच्या बोलीची दूरची बहीण. मला एक शब्दही कळला नाही. तेथल्या तरुण मुलांनाही तो कळत नसावा असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले. मला वसईच्या पायरीवरची ती दोन पोरे आठवली.

मुलाने मग ग्रंथालयातून पुस्तके आणून दिली. मंदाईंच्या प्रार्थनाग्रंथाचे नाव कुलस्ता. लेडी ड्रावर या इंग्रज विदुषीने १९५९ साली त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात बाप्तिस्म्याच्या प्रार्थना आहेत, मृताच्या आत्म्याला वर चढवणाऱ्या प्रार्थना आहेत, आणि एक सबंध भाग आहे तो 'एनियाना' नावाचा. एनियाना म्हणजे उत्तरे, प्रतिसाद. प्रतिसादांनाच नाव देऊन वेगळा विभाग करणारी माणसे मला एकदम ओळखीची वाटली.

त्याच पुस्तकांत १८३१ सालची हकीकत वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या वर्षी कॉलऱ्याच्या साथीत मंदाईंचे सगळे पुरोहित मेले. एकही उरला नाही. पुरोहितावाचून बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, मृताचा संस्कार नाही. आणि पुरोहिताची दीक्षा पुरोहितच देऊ शकतो. मग याह्या बिहराम आणि राम जिहरून हे दोघे पुढे झाले. पुरोहितांच्या घरची मुले, ग्रंथ शिकलेली, पण दीक्षा न झालेली. बापांच्या मागे राहून जे कानांवर पडले होते, जे वाचले होते, त्याच्या बळावर त्यांनी पौरोहित्य पुन्हा उभे केले. आजची पुरोहितपरंपरा त्या साथीनंतरच्या उभारणीवर टिकून आहे. २००३ नंतर इराकमधून फार मोठ्या संख्येने त्यांना निघून जावे लागले, तेव्हा नेपियनच्या पाण्यात उभे राहण्यास पुरोहित होता, तो त्यामुळे.

याह्या आणि राम यांनी पहिल्या दिवशी सुरुवात कशी केली असेल? त्यांचाही आवाज आधी चुकीच्या जागी लागला असेल का?

मी गडबला परतले ती २०२४ च्या जानेवारीत. घर बंद राहिल्याने भिंतींना ओल आली होती. ती काढायला ठेकेदाराने तीन तरुण पाठवले. झारखंडचे, कारखान्याच्या ठेक्यावर आलेले, सुट्टीच्या दिवशी असली कामे घेणारे. त्यातल्या एकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. मी विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, "हाँ चाची, हम लोग कैथोलिक हैं। तीनों।" त्यांची खोली इथून दहा मिनिटांवर. वर्षभर इथे होते, आणि या रस्त्याला आपल्यासारखे आणखी कोणी असेल हे ना त्यांना ठाऊक, ना मला.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता ते आले, अंघोळ करून, केस विंचरून. मी चहा केला. मग आल्तारापुढे मेणबत्ती लावली. ह्यांचीच माळ घेतली होती, मणी गुळगुळीत झालेली. क्रूसाची खूण केली आणि थांबले. तिघेही खाली पाहून वाट बघत होते. मी दूताचे वंदन म्हटले, सावकाश, मराठीत, पूर्वार्धाच्या शेवटापर्यंत. तिथे माझा श्वास संपला.

मागून तीन आवाज एकदम आले. हिंदीत.

मी पुढचा मणी धरला.