मिरजेचा तंबोरा

आमच्या भजनी मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत १९८३ सालच्या वैशाखातील एक नोंद आहे : "मिरजेहून तंबोरा नग एक, मर्दानी, पट्टी काळी एक." खाली रक्कम आणि तिच्याखाली वर्गणीदारांची नावे. पखवाज, टाळ, झांजा आणि पेटी ही साधने मंडळापाशी त्यापूर्वीही होती. परंतु नामांकित पेठेतून, कसबी कारागिराच्या हातून, केवळ नादाची पारख करून घेतलेले आमचे पहिले वाद्य ते हेच. त्या खरेदीस जे हजर होते त्यांपैकी आता मोजकेच उरले आहेत. म्हणून ती हकिगत लिहून ठेवण्याचे आम्ही योजिले.

अंत्रुज महालात गाण्याला तोटा नाही. मंगेशीस १९०० साली मास्टर दीनानाथ जन्मले आणि केरीस १८९२ साली केसरबाई. त्याच मातीत आमचेही गाव; परंतु आम्ही गवई नव्हे, भजनी. शेतकरी, दुकानदार, दोन शाळामास्तर, एक टपालखात्यातील कारकून असा आमचा मेळा. शुक्रवारी रात्री आरतीपूर्वी भजन आणि श्रावणात सप्ताह, एवढीच आमची सेवा. पेटीची एक पट्टी दाबून धरावी, तोच आमचा षड्ज. आमचे बुवा तेव्हा सत्तरीच्या घरात होते. पेटीच्या ह्या षड्जावर ते गात असत खरे, परंतु गाताना त्यांच्या मुद्रेवर एक असमाधान असे. ते त्यांनी कधी बोलून दाखविले नव्हते.

त्या वर्षी सप्ताहाच्या शिलकेत थोडी रक्कम जमली आणि तिचे काय करावे ह्याविषयी सभा भरली. बहुतेकांचा ओढा देवाच्या प्रभावळीस चांदीचा पत्रा चढविण्याकडे होता. तंबोऱ्याची गोष्ट बुवांनी काढली. चांगल्या तंबोऱ्यास आमच्या मास्तरांचा दोन महिन्यांचा पगार पडेल, हे कळताच सभा गप्प झाली. खजिनदार मोठे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी विचारले, "चाळीस माणसे टाळ कुटू लागली की तंबोरा ऐकू कोणाला येणार? आणि जे ऐकू येत नाही त्यावर एवढे द्रव्य का घालावे? प्रभावळ निदान दहा माणसांच्या डोळ्यांना दिसेल तरी." प्रश्न सरळ होता आणि त्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता. बुवा शांतपणे म्हणाले, "देवाक रुपें शोभता तें खरें, पूण भजनाक सूर जाय. सूर नासल्यार आमी कितें गायतात?"

सभेने निर्णय पुढे ढकलला. दुसऱ्या शुक्रवारी बुवांनी पत्र्याची एक डबी आणून खजिनदारांपुढे ठेवली. आयुष्यात एकदा आषाढीस पंढरपूर पाहावे म्हणून त्यांनी साठविलेले ते पैसे होते. जन्मभर विठ्ठलाचे अभंग गाणाऱ्या ह्या माणसाने पंढरी पाहिली नव्हती. खजिनदारांनी डबी परत घेण्याविषयी त्यांना पुष्कळ विनविले. बुवांनी ती घेतली नाही. त्यानंतर वर्गणीला कोणी नाही म्हटले नाही, आणि पहिली मोठी रक्कम स्वतः खजिनदारांनीच घातली.

वास्को-मिरज लोहमार्ग त्या काळी मीटरगेजचा होता. बुवा, खजिनदार, एक मास्तर आणि आमच्यातील एक तरुण असे चौघेजण मडगावास गाडीत बसले. कुळे, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव करीत मिरजेस उतरले. मिरज हे नाव गोव्यातील गाणाऱ्यांस क्षेत्रासारखे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले आणि १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. तंतुवाद्यांचा इथला धंदा त्याहूनही जुना. पटवर्धन संस्थानिकांच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी त्याचा पाया घातला. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी देणारे, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्या हातांनी सतारी आणि तंबोरे घडवावयास घेतले. शस्त्राची धार पारखणारा हात पुढे सुराची धार पारखू लागला, ह्यात आम्हांस तरी ईश्वरी योजनाच दिसते.

ज्या दुकानात आम्ही गेलो तिथे आढ्याला वाळलेल्या भोपळ्यांच्या रांगा टांगल्या होत्या. वृद्ध कारागीर जमिनीवर बसून एका दांडीवर कानस फिरवीत होते. किंमत किती खर्चणार हे त्यांनी विचारले नाही. "गाणार कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि "पट्टी कोणती?" हा दुसरा. बुवांनी षड्ज लावून दाखविला. कारागिरांनी मान हलविली व वाद्याची माहिती सांगावयास आरंभ केला. दांडी आणि तबली तून नावाच्या झाडाच्या लाकडाची. भोपळा मात्र कडू जातीचा, खाण्याचा नव्हे. तो वेलीवर पुरता पिकवून मग महिनोन् महिने वाळवावा लागतो. बुवांनी सहज विचारले, "हे भोपळे येतात कुठून?"

"पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, बुवा. भीमेच्या काठी होतात. इथल्या सगळ्या तंबोऱ्यांना भोपळा तिकडचाच."

बुवा काही बोलले नाहीत. जवळच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर त्यांनी तळवा टेकला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. कारागिरांना त्यांच्या डबीची गोष्ट ठाऊक नव्हती, आणि आम्हीही ती सांगितली नाही.

पुढे चार तंबोरे जुळवून आमच्यापुढे ठेवण्यात आले. दोहोंवर वेलबुट्टीची सुरेख नक्षी होती. खजिनदारांचे डोळे साहजिकच तिकडे वळले. कारागीर म्हणाले, "नक्षीचे पैसे वेगळे. तिने नाद वाढत नाही." मग त्यांनी एकेकाची जवारी लावून दाखविली. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो. पण त्याला अतिशय सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारास जेमतेम स्पर्श करते आणि तिच्याखाली सुताचा एक धागा सरकविला जातो. केसभर पुढे सरकविला तर नाद कोंडतो, केसभर मागे घेतला तर मुका पडतो, आणि नेमक्या जागी आला की तार एकदम उघडते. एकाच तारेतून अनेक स्वर पाझरू लागतात. मिरजेच्या कारागिराची सारी विद्या ह्या बोटभर माथ्यावर उभी आहे.

चौथा तंबोरा नक्षीचा नव्हता. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि शेवटी पितळी खर्ज, असा तो सावकाश छेडला गेला. खर्जाची तार सुटताच दुकानातील बोलणे थांबले. काळी एकचा खर्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ आंदोलने. कानाआधी तो छातीलाच जाणवतो. बुवांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने ते पुटपुटले, "गंधार आयलो."

ह्या गंधाराविषयी थोडे सांगावयास हवे. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते. तरीही उत्तम जुळलेल्या खर्जातून, त्याच्या पाचपट आंदोलनांचा एक स्वच्छ गंधार आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. स्वयंभू लिंग जसे कोणी घडविलेले नसते, तसा हा स्वर कोणी वाजविलेला नसतो; जागा शुद्ध असेल तर तो प्रकट होतो, एवढेच. समभाग स्वरांत लावलेल्या पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, आणि बुवांच्या असमाधानाचे मूळ इथेच होते. त्यांचा गळा स्वयंभू गंधार शोधीत असे आणि पेटी त्यांना दुसरीकडे ओढीत असे. तंबोरा-वीणांच्या घोडीमुळे तारेत विशेष स्वरांश कसे निर्माण होतात, ह्याचा विचार सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रीय निबंधात केला आहे. आमच्या बुवांस ह्यातील काही ठाऊक नव्हते. त्यांच्या कानास मात्र सारे ठाऊक होते.

सौदा झाला. घासाघीस करावयाची म्हणून तयारीने आलेल्या खजिनदारांनी सांगितलेली रक्कम मोजून दिली. गवसणी घातलेला तंबोरा घेऊन आम्ही स्थानकावर आलो. मिरज स्थानकात तेव्हा तीन रुंदींचे रूळ होते : पुण्याकडचा ब्रॉडगेज, आमचा मीटरगेज, आणि बार्शी लाइट म्हणून ओळखली जाणारी नॅरोगेज छोटी गाडी, जी पंढरपुरावरून पुढे जात असे. ती गाडी त्या वेळी फलाटास लागलेली होती. मास्तरांनी बुवांस म्हटले, "तिकिटापुरते पैसे आमच्यापाशी आहेत. आपण जाऊन या; तंबोरा आम्ही नेतो." बुवांनी त्या लहानशा डब्यांकडे क्षणभर पाहिले. "आदीं हाका देवळांत पावयतां," एवढेच ते म्हणाले. परतीच्या सबंध प्रवासात त्यांनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला नाही.

खजिनदारांच्या प्रश्नाचे उत्तर त्या श्रावणात सप्ताहाने दिले. टाळांच्या गजरात तंबोरा खरोखरच ऐकू येत नाही. ते अगदी बरोबर बोलले होते. परंतु जो गातो त्याच्या कानाशी तो असतो, आणि एकाचा स्वर स्थिर राहिला की मागचे चाळीस त्याच्यावर टेकतात. दुसरा पालट आम्हां कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तंबोरा जुळविण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ सभामंडपात शांतता राखावी लागते. गप्पा, पानाचे तबक, मुलांचा गोंगाट, सारे थांबते. भजनापूर्वी गप्प बसण्याची सवय आमच्या गावाला त्या चार तारांनी लावली. आणि पहाटेच्या प्रहरी, माणसे पांगून पाचसात जण उरल्यावर, बुवा खालच्या पट्टीत अभंग घेत तेव्हा गंधार साऱ्या मंडपात भरून राही.

१९८६ साली बुवा वारले. पंढरपूर त्यांचे राहूनच गेले. तंबोरा पुसून ठेवण्याचे काम त्यानंतर खजिनदारांनी आपणाकडे घेतले आणि हयातभर दुसऱ्या कोणास करू दिले नाही. पुढल्या वर्षी जोडीचा दुसरा तंबोरा आला, तेव्हा सभेत चर्चा झालीच नाही.

आज विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी सर्वत्र मिळते, खिशातील दूरध्वनीवरही तंबोरा वाजतो. प्रवासात आणि रियाझात त्यांचा उपयोग आहे, आम्हीही करतो. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानाने कारागिराचे घर चालत नाही, मागणीने चालते. ज्या देवस्थानांतील मंडळांच्या मनात असे वाद्य घेणे असेल त्यांस आमची विनंती एवढीच : पट्टी आधी ठरवावी. पावसाळा टाळावा. पत्राने न मागविता स्वतः जावे, आणि ज्याला गावयाचे आहे त्याला बरोबर न्यावे. नक्षी शेवटी पाहावी. काही वर्षांनी जवारी झिजते, ती पुन्हा काढून घेण्याची तरतूद वहीत आरंभीच करून ठेवावी. आमच्या वहीत ती अद्याप दरवर्षी होते.