बाई, पोरीला कराटेला घालू का?

एप्रिल संपत आला की आमच्या भोकरदनला दोन प्रकारचे बोर्ड लागतात. एक रसवंतीचे आणि दुसरे उन्हाळी शिबिरांचे. पूर्वी शिबिर म्हटलं की हस्ताक्षर, श्लोक, फार तर चित्रकला. आता कराटे, लाठीकाठी, ‘स्वसंरक्षण’ हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात. निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं झाली, तरी लोक अजून ‘बाई’च म्हणतात आणि पालकसभेत विचारावेत तसे प्रश्न बसस्थानकावर, किराणा दुकानात विचारतात. अलीकडे सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच... “बाई, पोरीला कराटेला घालू का?”

माझं उत्तर ठरलेलं आहे. घाला! पण त्या उत्तराला एक शेपूट आहे आणि ते रस्त्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आमच्या लहानपणी तालीम होती, पण ती मुलांची. भाऊ पहाटे लंगोट घेऊन जायचे, लाल माती अंगाला लावून परत यायचे आणि त्यांच्यासाठी दूध राखून ठेवलेलं असायचं. आम्हा मुलींना तालमीच्या दारातून आत डोकावायचीही सोय नव्हती. आमच्या वाट्याला फुगडी, झिम्मा, लंगडी, फार तर खो-खो. नागपंचमीला झोके. आता वाटतं, त्या फुगडीनेही बरंच काही शिकवलं. तोल कसा सांभाळायचा, समोरचीचा हात किती घट्ट धरायचा, पडल्यावर हसत कसं उठायचं. पण त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, स्वसंरक्षण तर नाहीच.

मुलींच्या संरक्षणाची आमच्या भागातली पद्धत वेगळी होती. माझी आई निजामाच्या राज्यात वाढली. रझाकारांच्या काळातल्या गोष्टी ती सांगायची. भारताच्या इतर भागांत १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडे लागले, मराठवाड्याला मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षा-दीड वर्षात रझाकार येताहेत अशी हूल उठली की तरण्याताठ्या पोरींना बळदात, पेवात उतरवायचे आणि वर पोती टाकायचे. तिखटाची पुडी उंबऱ्याशी आणि मुसळ हाताशी. आई सांगायची, बळदात श्वास कोंडायचा, पण खोकायची भीती वाटायची. आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर तीच भीती घरं बदलून दुसऱ्या मोहल्ल्यात गेली. मग तिथल्या आयांनी आपल्या लेकी लपवल्या. आई हे दोन्ही सांगायची, एकाच आवाजात.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की संकट आलं की मुलीला लपवायचं, ही सवय आमच्या घरांमध्ये फार खोल रुजलेली आहे. बळदं गेली, सिमेंटची घरं आली, सवय तशीच राहिली. तिच्याकडे पुढे येतेच.

आधी कराटेबद्दल. माझी नात दोन वर्षांपासून क्लासला जाते. पहिल्या दिवशी मीच तिला सोडायला गेले होते. मला वाटलं होतं, लाथाबुक्क्या दिसतील. त्या सरांनी पहिले कित्येक दिवस मुलांना नुसतं नीट उभं राहायला, ओरडायला आणि पडायला शिकवलं. मागे पडताना हनुवटी छातीशी घ्यायची म्हणजे डोकं आपटत नाही, हात जमिनीवर पसरून मारायचा म्हणजे मनगट मोडत नाही. मला ते फार आवडलं. आमच्या वर्गात मुलं कितीदा पडायची, पण पडायचं कसं हे आम्ही कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी थोडं वाचलं (शिक्षकाची खोड!). गंमत अशी की या जपानी विद्या आज ज्या रूपात दिसतात, ते रूप त्यांना शिक्षकांनीच दिलं. ज्यूडो सुरू करणारे जिगोरो कानो हे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचे अनेक वर्षं प्रमुख होते. १८८२ साली त्यांनी जुन्या कुस्तीतले घातक डाव बाजूला काढून विद्यार्थ्यांना शिकवता येईल अशी विद्या बनवली. ओकिनावा बेटावर अंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे शाळेत आणलं आणि मुलांना झेपतील असे सोपे पाठ बांधले. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी. तेही पेशाने शाळामास्तर. पहिला हात आपण उगारायचा नाही, ही त्यांची मुख्य शिकवण. आपल्याकडेही अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. सांगायचा मुद्दा, ही मारामारीची दुकानं नाहीत. चांगल्या हातात असली तर त्या शाळाच आहेत.

सरकारलाही हे पटलेलं दिसतं. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षण शिकवण्याची तरतूद आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने. चांगलंच आहे. माझी नात पूर्वी पाहुणे आले की दाराआड उभी राहायची. आता सरळ पुढे येऊन बोलते. पिवळ्या पट्ट्यापेक्षा मला त्याचं अप्रूप जास्त.

आता शेपूट.

आपण मुलीला कराटेला घालतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण असतं? अंधारातला अनोळखी माणूस. निर्जन रस्ता, मागून येणारी मोटारसायकल. असं होत नाही असं मी म्हणत नाही. पण २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अहवाल काढला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं. त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं म्हणजे मुलगे होते! आणि त्रास देणारा जवळपास निम्म्या वेळा ओळखीचा, विश्वासातला माणूस होता. बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

ओळखीच्या माणसाला लाथ मारता येते का हो? ज्याच्या पाया पडायला आपणच सांगतो, त्याला? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या मुली बालवर्गातल्या होत्या. एवढ्या लहान लेकराला कुठला पट्टा उपयोगी पडणार? तिथे एकच गोष्ट उपयोगी पडते. लेकरू घरी येऊन काहीतरी सांगतं आणि घरचं माणूस ते ऐकून घेतं.

आणि इथेच आमचं घोडं अडतं.

१९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा तालुक्यातल्या एका गावी सातवीच्या वर्गाला शिकवत होते. गावाचं नाव सांगत नाही. जवळच्या वाडीवरून पाच मुली पायी यायच्या, तासाभराची वाट. त्यातली एक गणितात फार हुशार. त्रैराशिक तोंडी करायची. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. आठवडा गेला, दोन गेले. मी एका रविवारी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती, वडील बाजेवर. पोरगी दाराआड.

वडील म्हणाले, “बाई, आता नाही पाठवायची.”

“काय झालं?”

“वाटेनं एकजण तरास देतो. तिनं सांगितलं आईला. मग काहून जिवाला घोर?”

मी म्हटलं, त्या माणसाला जाब विचारा, पाटलांना सांगा, मी येते बरोबर. ते म्हणाले, “त्यात आपलीच अब्रू जाती. पोरीची जात हाय.” मी आणखी दोनदा गेले. हेडमास्तरांना घेऊन गेले. आम्ही वाडीवरच्या मुलींना सोडायला-आणायला वरच्या वर्गातली मुलं आणि शिपाईमामा असा बेतही बसवून दिला. बाकीच्या चौघी त्या बेताने येत राहिल्या. ही आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

त्रास देणारा माणूस त्याच वाटेने जात-येत राहिला. त्याचं काही बिघडलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. उरलेल्या चौघींपैकी एकीला मी विचारलं, “तुम्हालाही कुणी त्रास देतं का गं?” तिने मान हलवली, नाही म्हणून. इतक्या पटकन हलवली की मला उत्तर कळलं. त्या मुली वर्गात न शिकवलेला धडा शिकल्या होत्या. घरी सांगितलं की शाळा सुटते.

म्हणजे बघा, त्या पोरीला बोलता येत होतं. ती बोलली. तिने जे करायला हवं ते सगळं केलं. आणि शिक्षा तिलाच झाली. बळदात उतरवलं ते तिलाच.

म्हणून मला वाटतं, स्वसंरक्षणाचा वर्ग मुलीआधी घरच्यांचा घ्यावा. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत तरुण मुलींसाठी बारा तासांचा एक अभ्यासक्रम घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आले. तो न घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, घेतलेल्या मुलींमध्ये ५.२. जवळपास निम्मं! त्या बारा तासांत हातपाय चालवणं होतंच, पण बराच वेळ दुसऱ्या गोष्टींना दिला होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका लवकर कसा ओळखायचा आणि ‘त्याला वाईट वाटेल’ ही भीड कशी मोडायची. वाचून मी मनात म्हटलं, भीड तर आमच्याकडे पोरींना पाळण्यापासून शिकवतात.

मागच्या वर्षी नातीच्या क्लासच्या सरांना मी सुचवलं, एक रविवार पालकांना बोलवा. त्यांनी बोलावलं. चाळीसेक मुलांचे मिळून सतरा पालक आले, त्यात वडील तीन. मी बोलले. भाषण नाही, प्रश्न विचारले. “तुमच्या लेकराने उद्या येऊन सांगितलं की अमक्या काकाने असं केलं, तर तुमचं पहिलं वाक्य काय असेल?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मिरचीचा व्यापार करणारे एक गृहस्थ म्हणाले, “खरं सांगू बाई? मी विचारीन, तू तिथं गेलीच कशाला.”

खरं बोलले म्हणून मला त्यांचा आदर वाटला. बाकीच्यांच्याही मनात तेच होतं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ते वाक्य बदलायचा सराव केला. हसू नका, खरंच केला. मुलं ठोसा शंभर वेळा मारून बघतात, तसं आम्ही वाक्य म्हणून बघितलं. “बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. तुझी शाळा बंद होणार नाही.” तिसरं वाक्य म्हणताना एका आईचा आवाज गेला. मी विचारलं नाही का ते.

कायद्याचंही थोडं सांगितलं, कारण लोकांना अजून चौकीची भीती वाटते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही तो लागू होतो. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, नाव बाहेर फोडायचं नाही. आणि माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणजे ‘आपलीच अब्रू जाते’ हे कारण कायद्याला चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. आता तो सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे. पैसे पडत नाहीत. पालकांना सांगितलं, हा नंबर फ्रिजवर चिकटवा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आणि मुलांनाही क्लासला घाला. मुलग्यांना म्हणते मी. एक तर त्यांनाही त्रास होतो आणि ते मुलींपेक्षा कमी बोलतात. दुसरं, पहिला हात आपण उगारायचा नाही हे त्यांनी शिकायला हवं. वाटेवर उभा राहणाराही कुणाच्या तरी घरचा मुलगाच असतो.

मधल्या काळात पुष्कळ बदललं, हेही लिहिलं पाहिजे. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो. मुली सायकलवर येतात, दुपारी बसस्थानकावर त्यांचा गलबला असतो. तो ऐकायला मी कधीकधी मुद्दाम त्या वेळी बाजाराला निघते. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली निघाली. पाचात एक! त्यातल्या किती जणींनी आधी घरी काहीतरी सांगितलं असेल, त्याची नोंद कुठेच नाही.

तर मंडळी, पोरीला कराटेला जरूर घाला. फी भरा, पांढरा ड्रेस शिवा, पट्ट्याच्या परीक्षेला पेढे वाटा. फक्त तिला एकदा जवळ बसवून सांगा की काहीही झालं तरी तुझी शाळा सुटणार नाही. आणि ते नुसतं तिला सांगू नका, तिच्या वडिलांना आणि आजोबांना तिच्यासमोर म्हणायला लावा. मुलं शब्द लक्षात ठेवतात. छत्तीस वर्षं शिकवल्यावर एवढं तरी मी खात्रीने सांगू शकते.