अधिक महिना, अधिक सेकंद आणि न पोहोचलेला निरोप

१/ शके १९३४, म्हणजे इसवी सन २०१२. त्या वर्षी बहुतेक पंचांगांत भाद्रपद अधिक होता. त्याच वर्षी एक अधिक सेकंदही आला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, १ जुलैच्या पहाटे, पुण्यात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक जादा सेकंद पडला. त्या एका सेकंदाने जगभरातील अनेक सर्व्हर जेरीस आणले.

२/ दोन्हींचे मूळ एकच. आकाशाची गती आणि माणसाची मोजणी तंतोतंत जुळत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून अधिक मास. पृथ्वीचे परिवलन अणुघड्याळाच्या किंचित मागे पडत गेले, म्हणून १९७२ पासून अधिक सेकंद. २०१२ चा सेकंद पंचविसावा होता.

३/ पूर्वी लग्नघरी मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडत. तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यात २४ मिनिटांनी बुडे आणि लक्ष ठेवणारा एक घटिका नोंदवी. संगणकात ही वाटी म्हणजे टायमर. नेमलेला काळ संपला की तो प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावतो. यालाच इंटरप्ट म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या हाकेसरशी वेळ पुढे सरकवतो आणि झोपलेल्या प्रोग्रॅमपैकी कोणाला उठवायचे ते ठरवतो.

४/ त्या पहाटे लिनक्स कर्नलने मुख्य घड्याळ नियमानुसार एक सेकंद मागे घेतले. परंतु प्रोग्रॅमना उठवणाऱ्या सूक्ष्म टायमरांना हे कळलेच नाही. त्यांचा हिशेब एक सेकंद पुढेच राहिला. अर्ध्या सेकंदासाठी झोपलेला प्रोग्रॅम तत्क्षणी उठवला जाई, वेळ झाली नाही हे पाहून पुन्हा झोपे आणि पुन्हा उठवला जाई. या निष्फळ फेऱ्यांत प्रोसेसर अडकून पडले. रेडिट, लिंक्डइन अडखळले. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांचे चेक-इन खोळंबले.

५/ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक विलक्षण उपाय सापडला: घड्याळात जी वेळ आहे तीच पुन्हा लावायची. वेळ बदलत नसे, पण यंत्र शांत होई. निदान यातच दडलेले होते. हाताने वेळ लावली की कर्नल ‘घड्याळ बदलले’ असा निरोप सर्व टायमरांना धाडतो. अधिक सेकंदाच्या वाटेवर तो निरोपच नव्हता.

६/ का नव्हता? याचे उत्तर कर्नलच्या इतिहासात मिळते. २००७ पर्यंत हा निरोप जात असे. मात्र तो इंटरप्ट चालू असतानाच सर्व प्रोसेसरांना धाडला जाई आणि त्यामुळे ते एकमेकांची वाट पाहत गोठण्याचा धोका होता. म्हणून थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो काढून टाकला. एक धोका टळला, दुसरा पाच वर्षे दडून राहिला. २०१२ मध्ये जॉन स्टल्ट्झ यांनी निरोप परत आणला, पण इंटरप्ट आटोपल्यावरच तो जाईल अशी तजवीज करून.

७/ पुण्याने असा पेच पूर्वीच पाहिला होता. टिळकांचे गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. बहुसंख्य घरांनी मात्र जुनेच पंचांग चालवले. टिळक पंचांग छत्र्यांच्याच परंपरेतले. ते मानणाऱ्या घरांत आजही काही वर्षी सण महिनाभर आधी येतात. एका शहरात दोन पंचांगे सुखाने नांदतात, कारण माणसे शेजाऱ्याला विचारू शकतात. कर्नलमधील टायमराला ती सोय नाही. त्याला जे सांगितले जाते तेवढेच त्याचे जग.

८/ २०३५ पर्यंत अधिक सेकंदाची ही रीत थांबवण्याचा निर्णय २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने घेतला. घड्याळ आणि आकाश यांतील अंतर त्यानंतरही वाढत राहील. ते केव्हा आणि कसे भरून काढायचे, हा प्रश्न पुढील पिढ्यांच्या वाट्याला येईल. तेव्हा २००७ ची ती पुसलेली ओळ का पुसली होती, हेही कोणीतरी वाचलेले असावे.