उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के

आमच्या महाविद्यालयांत ज्या खोलींत मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांस ‘उद्योगांची सामाजिक जबाबदारी’ हा विषय शिकवितों, त्या खोलीच्या दारावर पितळेची एक पाटी आहे. आंतील बाकें, पंखे, भिंतीवरचा पडदा हें सारें सामान गांवाबाहेरच्या एका कारखान्यानें आपल्या सीएसआरच्या पैशांतून दिलें, असें तिच्यावर कोरलें आहे. तो मजकूर माझाच. ‘उदार’ हा शब्द त्यांत दोनदां आला आहे. एकदां पुरला असता. परंतु देणगी घेतांना माणसाची लेखणी जरा सैल सुटते.

हा विषय शिकविणें वरवर पाहतां फार सोपें आहे. १९५३ सालीं हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें उद्योजकाच्या सामाजिक कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, तेथून आरंभ करावा. मग १९७० सालीं मिल्टन फ्रीडमन यानें ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुरवणींत नफा वाढविणें हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी असें ठासून मांडलें, तें सांगून मुलांस थोडें चिडवावें. टाटांच्या साकची येथील पोलाद कारखान्यानें १९१२ सालींच आठ तासांचा दिवस सुरू केला होता, हें सांगून त्यांचा अभिमान सुखवावा. आणि शेवटीं आपल्या कायद्याकडे यावें.

२०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकीं कोणतीही एक मर्यादा जी कंपनी गांठते, तिनें मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे, असा त्याचा आशय. कोणतीं कार्यें चालतील त्यांची यादी सातव्या परिशिष्टांत आहे. विद्यार्थ्यांस हें कलम फार आवडतें, कारण त्यांत आकडे आहेत. कर्तव्याला आकडा मिळाला कीं तें पाठ करतां येतें, आणि पाठ झालें कीं उत्तरपत्रिकेंत उतरवितां येतें. मला स्वतःलाही तें आवडतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तपासावयास सोपें जातें.

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं हे आकडे सांगून झाल्यावर तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. वर्षभरांत तिनें तोंड उघडल्याचें मला आठवत नव्हतें.

“सर, माझे वडील याच कारखान्यांत कंत्राटी कामगार आहेत.” तिनें दाराकडे बोट केलें. “पगारांतून दर महिन्याला भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापतात. परवां चौकशी केली, तर गेल्या तीन वर्षांचे भरलेलेच नाहींत. हे पैसे या दोन टक्क्यांत बसतात का?”

मीं उत्तर दिलें. आपल्याच नोकरांच्या हितासाठीं केलेला खर्च कंपनीला सीएसआरमध्यें धरतां येत नाहीं, असा नियम आहे. उत्तर बिनचूक होतें. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. ती मात्र माझ्याकडे पाहत उभीच राहिली, आणि मी फळा पुसूं लागलों. वास्तविक फळ्यावर त्या दिवशीं पुसण्याजोगें कांहींच नव्हतें.

घरीं आल्यावर त्या नियमाचा मीं पुष्कळ विचार केला. नियम चांगला आहे. कामगाराचें घेणें हें दान नव्हे. तें देऊन कोणी पुण्य जोडूं नये, हेंच त्याच्या मुळाशीं आहे. परंतु हाच नियम आम्हां शिकविणाऱ्यांस एक पळवाट देतो. नफा झाल्यानंतरचे दोन टक्के तेवढे आमच्या विषयांत येतात. नफा कसा झाला, तें कोणत्या तरी दुसऱ्या प्राध्यापकाच्या तासाला! पैसे कंत्राटदारानें खाल्ले, आम्हीं नव्हे, असें कारखान्याचे लोक म्हणतील, आणि तें खोटेंही नसेल. पण १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याखालील योजनेनें कंत्राटदारामार्फत लावलेल्या माणसांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर ठेविली होती, हें मींच कामगार-कायदे शिकवितांना कितीदां तरी सांगितलें आहे. हा कंत्राटदार इतका स्वस्त कां पडतो, हें कारखान्यांत कोणी विचारलें नाहीं, इतकेंच.

आणि ज्या फ्रीडमनला मी दर वर्षीं खलपुरुष म्हणून वर्गांत उभा करतों, त्यानेंही नियम पाळून, फसवणूक न करतां नफा मिळवावा, अशी अट घातलेली आहे. म्हणजे त्या मुलीच्या बाजूनें बोलावयास बोवेनचीही गरज नव्हती. फ्रीडमन पुरला असता. मला मात्र तो त्या वेळीं आठवला नाहीं. नियम तेवढा आठवला.

चार दिवसांनीं ती माझ्या खोलीवर आली. हातांत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवींत वेतनाच्या चिठ्ठ्या. निधीच्या कार्यालयाकडे तक्रार करावयाची होती. अर्ज कसा लिहावा तें तिला हवें होतें. आम्हीं दोघांनीं मिळून चिठ्ठ्या महिन्यावार लाविल्या. सात महिन्यांच्या नव्हत्या. त्या कंत्राटदारानें दिल्याच नव्हत्या, तेंही अर्जांत घातलें. कापलेल्या रकमांची बेरीज तिनेंच केली, आणि ती दोनदां तपासली. मी भाषा पाहत होतों. मालकाची जबाबदारी सांगणारा परिच्छेद मीं तीन वेळां लिहिला, आणि तिसऱ्या वेळीं तो बराच सौम्य झाला. तिनें वाचला व पहिला बरा होता म्हणाली. मीं पहिला ठेविला.

अर्जाखालीं तिच्या वडिलांनीं सही केली. तो कोणी लिहून दिला, याचा त्यांत कोठें उल्लेख नाहीं. माझें नांव घालूं का, असें तिनें विचारलें नाहीं; मींही सुचविलें नाहीं. त्याच आठवड्यांत ग्रंथालयासाठीं मदत मागणारें महाविद्यालयाचें पत्र त्या कारखान्याकडे रवाना झालें. त्याखालीं माझी सही आहे.