कोणाकडे अडकलंय?

इंदूरच्या सियागंजातल्या किराणावाल्यांची आणि एम. टी. क्लॉथ मार्केटातल्या कापडवाल्यांची जीएसटी रिटर्न्स भरणं हा माझा धंदा. तारखा सरकारने ठरवलेल्या: ७ला टीडीएस, ११ला जीएसटीआर-वन, २०ला थ्री-बी, तिमाहीवाल्यांची आमच्या मध्य प्रदेशात २२. या तारखा झोपेतही पाठ आहेत, तरी कामं तुंबायची. खरी गोम होती "भैया, बिल शाम तक भेज देंगे" या वाक्यात. ती संध्याकाळ कोणत्या दिवशीची, हे कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.

कामांच्या यादीची तयार ॲप्स वापरून पाहिली. रंगीत लेबलं, टिकमार्क, शाबासकीची घंटा. ती सगळी धरून चालतात की काम आपल्याच हातात आहे. माझी निम्मी कामं दुसऱ्याच्या गल्ल्यावर पडलेली असतात!

शेवटी साधी टेक्स्ट फाइल घेतली. जीना ट्रपानी या अमेरिकन लेखिकेने २००६ साली 'टूडू डॉट टीएक्सटी' ही पद्धत आणली. एका ओळीत एक काम, सुरुवातीला कंसात प्राधान्याचं अक्षर, अधिकच्या चिन्हापुढे प्रकल्प, ॲटच्या चिन्हापुढे ते काम जिथे करायचं ती जागा. मी जागा काढून तिथे माणूस बसवला. आता ओळ अशी दिसते:

(अ) थ्री-बी +कापडदुकान @मुनीमजी मागितलं:१२ परत:१५

यातलं 'परत' म्हणजे पुन्हा फोन करायची तारीख. सरकारी तारीख मी ओळीत लिहीतच नाही. ती लिहिली की मन निवांत होतं, अजून पाच दिवस आहेत म्हणतं. सकाळी पायथनची छोटीशी स्क्रिप्ट आजच्या 'परत'वाल्या ओळी वर आणते. महिन्याच्या १ तारखेला तीच प्रत्येक पार्टीच्या ओळी नव्याने घालते. फाइल ड्राइव्हवर असल्याने मोबाईलवरही तीच दिसते, म्हणूनच पार्ट्यांचे पासवर्ड तिच्यात नाहीत.

इथल्या काही ओळी कुठलंच परदेशी ॲप सुचवणार नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे राजवाड्यावरून जाणारी रंगांची मिरवणूक, बहुधा इयर-एंडच्या धामधुमीतच निघते. त्या दिवसापुढे मी 'राजवाड्याकडचं काम नाही' असं लिहून ठेवतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी फोन उचलत नाही. १५ सप्टेंबरचा ॲडव्हान्स टॅक्स त्याच सुमारास आला, तर 'परत' चार दिवस अलीकडे घ्यावा लागतो.

मुनीमजींनी फोन घेतलाच नाही, तर फाइलचा उपयोग संपतो. मग स्कूटर काढून दुकानात जायचं आणि चहा येईपर्यंत बसायचं. बिलं बहुतेक वेळा चहाच्या आधी येतात.

असं काही करायचं मनात असेल, तर ॲप नंतर शोधा. आधी वहीत उजवीकडे 'कोणाकडे' हा रकाना आखा आणि महिनाभर भरून बघा.